सोसोगड: गोव्याच्या सर्वांत उंच माथ्यावर जायचं असेल तर

गोवा क्षेत्रफळाने देशातलं सर्वांत लहान राज्य, ३,७०२ चौरस किलोमीटर. त्याचं उंचीचं टोक सत्तरी तालुक्यात, म्हादई अभयारण्याच्या आत आहे. नाव सोसोगड. जुन्या पोर्तुगीज वळणाच्या नकाशांत तेच 'सोंसोगोर' म्हणून लागतं, म्हणून शोधताना दोन्ही नावं टाकून बघा. नावात गड असला तरी तटबंदी आणि बुरूज बघायला म्हणून इथे कुणी येऊ नये. हा डोंगर आहे, आणि त्याच्या चारी बाजूंना वाघ, अस्वल आणि गव्यांचं रान आहे.

उंचीसाठी १,०२७ मीटर हा आकडा जास्त वापरात आहे. १,१६७ असाही छापलेला आढळतो. चढाईचं गणित मांडायला पहिला धरला तरी पुरे, कारण थकवा येतो तो उंचीने नाही, पायथ्यापासूनच्या चढाने. कळसूबाई १,६४६ मीटर, पण पायथ्याचं बारी गावच मुळात उंचावर असल्याने प्रत्यक्ष चढ नऊशेच्या घरातला. सत्तरीत उलट आहे. तालुक्याचं ठिकाण वाळपई समुद्रसपाटीपासून शंभर मीटरच्या आतच बसलेली. म्हणजे आकड्याने 'हजारचा डोंगर' वाटला, तरी पायांना तो कळसूबाईएवढाच पडतो. वर कोकणातली दमट हवा, आणि शिड्या नाहीत, रेलिंग नाही, लिंबूसरबताची टपरी नाही.

आधी परवानगी, मग तारीख

नवखे लोक इथेच चुकतात. आधी सुट्ट्या ठरतात, गाडी ठरते, आणि शुक्रवारी रात्री कुणालातरी आठवतं की अभयारण्य आहे. मग शनिवारी सकाळी वन खात्याच्या नाक्यावरून परत फिरावं लागतं.

म्हादई अभयारण्य १९९९ साली घोषित झालं, क्षेत्र २०८ चौरस किलोमीटरहून थोडं जास्त. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २७ प्रमाणे अभयारण्यात कुणालाही वाटेल तसं शिरता येत नाही आणि कलम २८ प्रमाणे पर्यटन, अभ्यास किंवा छायाचित्रणासाठी परवाना घ्यावा लागतो. धबधब्याच्या वाटेसाठी नाक्यावर तिकीट फाडून मिळतं म्हणून डोंगरमाथ्यासाठीही तेच चालेल, असं धरून चालू नका. ठरलेल्या पर्यटन वाटा वेगळ्या आणि आतलं रान वेगळं.

अर्ज वाळपईच्या वन कार्यालयात किंवा पणजीच्या वन खात्याच्या मुख्यालयात द्यायचा. किमान तीन आठवडे आधी द्या. त्यात इतकं हवं: सगळ्यांची नावं, वयं आणि ओळखपत्राच्या प्रती, जायचा दिवस आणि पर्यायी दुसरा दिवस, कुठल्या गावातून आत शिरणार आणि कुठे बाहेर पडणार, गाडीचा क्रमांक, घरच्या एका माणसाचा फोन. हेतू सरळ लिहा. 'अभ्यास दौरा' असं उगाच सजवून लिहिलं की अभ्यासाची कागदपत्रं मागतात आणि अर्ज तिथेच अडकतो. सहापेक्षा जास्त माणसं नेऊ नका. मोठ्या गटाला परवानगी मिळणं कठीण जातं आणि मिळाली तरी दहा माणसांच्या आवाजाने अर्धं जंगल आधीच लांब पळालेलं असतं.

नकार आला तर तो मानावा. चोरून आत जाणं हा गुन्हा आहे, पण त्याहून मोठी अडचण अशी की तुम्ही आत आहात हे कुणालाच ठाऊक नसतं. पाय मोडला तर शोधायला कोण येणार? २०२३ च्या मार्च महिन्यात म्हादईच्या डोंगरांवर जागोजागी वणवे लागले, नौदल आणि हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी पाणी ओतावं लागलं. अशा वेळी प्रवेश एका दिवसात बंद होतो. हातात परवाना असला तरी निघायच्या आदल्या दिवशी फोन करून खात्री करा.

आणखी एक. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला कर्नाटकाची हद्द लागते आणि तिथे खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य आहे. गोव्याचा परवाना तिकडे चालत नाही. 'वरून पलीकडे उतरू' हा बेत कागदावर छान दिसतो, तो सोडून द्या.

कधी जायचं

नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते जानेवारीअखेर. पावसाळ्याचा विचारही नको. गोव्यातला सर्वांत जास्त पाऊस ज्या ठिकाणी मोजला जातो त्यांत वाळपई कायम वरच्या क्रमांकावर असते. ओहोळ तासाभरात चढतात आणि सकाळी ओलांडलेलं पाणी दुपारी ओलांडता येत नाही. ऑक्टोबरात पाऊस ओसरतो, पण गवत डोक्याएवढं असतं, जळवा असतात, आणि वाट दिसतच नाही. फेब्रुवारीत वरचे झरे आटतात, पाचोळ्याचा थर जाड होतो. मार्चनंतर वणव्याची भीती.

वाळपईपर्यंत

पणजीहून डिचोली–साखळीमार्गे साधारण पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर, कदंबच्या (गोव्याच्या सरकारी) आणि खासगी बसगाड्या मिळतात. फोंड्याहून उसगावमार्गेही येता येतं. कोकण रेल्वेने येणाऱ्यांनी थिवी किंवा करमळीला उतरावं. सावंतवाडीकडून स्वतःच्या गाडीने येत असाल तर बांदा–म्हापसा असा वळसा घेण्यापेक्षा दोडामार्ग–डिचोली–साखळी हा रस्ता बरा. बेळगावकडून चोर्ला घाट उतरून केरीमार्गे.

आदल्या संध्याकाळी वाळपईत पोचणं सोयीचं. पेट्रोल, रोख पैसे, औषधं आणि मोबाइलचं चार्जिंग, सगळं इथेच उरकून घ्या, पुढच्या गावांत भरवसा नाही. सत्तरीत मराठी सगळ्यांना कळते, बहुतेकांना बोलताही येते. भाषेची अडचण अजिबात नाही.

वाटाड्या

या डोंगरावर रंगाच्या खुणा किंवा पाट्या लावलेल्या नाहीत. गुरांच्या, गव्यांच्या आणि लाकूडफाट्याच्या वाटा एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि त्यांतल्या निम्म्या कुठल्यातरी पाणवठ्यावर जाऊन संपतात. म्हणून वाटाड्या हवाच, आणि तो पायथ्याच्या गावचा हवा. शहरातून आणलेला अनुभवी ट्रेकर इथे उपयोगाचा नाही. वन कार्यालयातच विचारा, माणूस सुचवतात. कित्येकदा सोबत वनरक्षक पाठवतात, आणि तसं झालं तर उत्तमच.

मजुरी आदल्या दिवशी स्पष्ट बोलून ठरवा, दिवसाचं जेवण-पाणी त्याच्यासाठीही बांधून घ्या. त्याला दोन प्रश्न जरूर विचारा: 'यंदा पावसानंतर वर जाऊन आलात का?' आणि 'शेवटचं पाणी कुठे?' पहिल्याचं उत्तर 'नाही' असेल तर दोन तास जादा धरा, कारण एका पावसाळ्यात झाडं पडून आणि दरडी सरकून वाट बदलते. कोयता त्याच्या हातात असला तरी परवानगी घेऊनच. वन्यजीव कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे अभयारण्यात विनापरवाना हत्यार नेता येत नाही.

आणि त्याने 'आता परत' म्हटलं की परत. वयाने तो तुमच्यापेक्षा लहान असला तरी.

वेळेचा हिशेब

डिसेंबर-जानेवारीत गोव्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहा ते साडेसहाच्या दरम्यान मावळतो. दाट रानात मात्र साडेपाचलाच पायाखालचं दिसेनासं होतं. पहाटे अंधारात निघायची हौस नको. अस्वलं आणि गवे त्याच वेळी फिरत असतात.

सात वाजता पायथा सोडायचा. झाडीतल्या चढावर नवख्या गटाचा वेग तासाला अडीचशे मीटर उंची, थांबे धरून. नऊशे-साडेनऊशे मीटरला चार तास लागतात. म्हणजे अकरा. एक तास चुकामुकीसाठी. बारा वाजता जिथे असाल तिथून मागे फिरायचं, माथा समोर दोनशे मीटरवर दिसत असला तरी. उतरायला तीन ते साडेतीन तास लागतात, आणि दमलेल्या पायांनी उतरतानाच घोटे मुरगळतात. साडेतीन-चारला खाली पोचलात तर अंधाराच्या आधी दीड तास हाताशी राहतो. एखादा माणूस लंगडत उतरणार असेल तर हाच दीड तास कामी येतो.

हे आपल्याला जमेल का, हे आधी घराजवळ तपासा. सिंधुदुर्गातल्या वाचकांना कुडाळ तालुक्यातल्या नारूरहून रांगणा चांगला. पाठीवर पाच किलो घेऊन एका दिवसात चढून-उतरून या. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या भरून येत असतील तर आणखी महिनाभर सराव करा.

पाठीवर काय

पाणी माणशी चार लिटर. जड वाटतं, पण दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही आणि शरीर आणखी घाम काढत राहतं. चारपैकी एक लिटर वेगळ्या बाटलीत, माथ्यावरून फिरेपर्यंत तिचं बूच उघडायचं नाही. ओआरएसची दोन पाकिटं. एक पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, अर्ध्या बाटलीत नाही. घरची चार-पाच आमसुलं आणि चिमूटभर मीठ घातलेलं पाणीही पोटाला मानवतं. ओढ्याचं पाणी प्यायची वेळ आलीच तर क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा.

खायला न शिजवता खाता येईल असंच: भाकरी-चटणी, गूळ-शेंगदाणे, चिक्की, उकडलेली अंडी. चूल नाही, स्टोव्ह नाही, बिडी-सिगारेट नाही. त्याच कायद्याच्या कलम ३० प्रमाणे आग लावणं गुन्हा आहे, आणि डिसेंबरातलं वाळलेलं गवत किती झटकन पेटतं हे म्हादईच्या पायथ्याला राहणाऱ्यांना विचारा.

पूर्ण बाह्यांचा फिक्या रंगाचा सदरा, लांब सुती-मिश्र पँट, उंच मोजे, खोल नक्षीच्या तळाचे बूट. जीन्स घामाने भिजली की गुडघ्याला घासते, नको. टॉर्च प्रत्येकाकडे हवी, मोबाइलची धरायची नाही. शिट्टी, बारीक टोकाचा चिमटा, चिकटपट्टीचं रिंग, क्रेप बँडेज. अत्तर आणि वासाचं तेल लावून येऊ नका, त्याचं कारण पुढे येतं.

वाट कशी बदलत जाते

पहिला टप्पा फसवा असतो. काजूच्या बागा, एखादा ओहोळ, जवळजवळ सपाट वाट. सगळे गप्पा मारत भराभर निघतात आणि तासाभरात दम संपवतात. इथे मुद्दाम हळू चला. नाकाने श्वास घेत बोलता आलं पाहिजे, तो वेग बरोबर.

पुढे झाडी दाटते आणि चढ उभा होतो. इथला खरा त्रास पाचोळ्याचा. वरून कोरडी पानं दिसतात, खाली जांभ्याचे वाटाण्याएवढे गोल खडे असतात. त्यांवर पाऊल टाकलं की चेंडूंवर उभं राहिल्यासारखं होतं. चढताना बोटांवर भार, उतरताना गुडघे किंचित वाकवून आडवं पाऊल, आणि टाच आपटायची नाही. आधाराला झाड धरण्याआधी एकदा नजर टाका. हिरवा चापडा साप फांदीवर पानासारखा निश्चल बसलेला असतो आणि अंगावर आल्याशिवाय हलत नाही. फुरसं दगडांच्या सपाटीत, म्हणून दगडावर बसण्याआधी काठीने त्याची कड ठोका.

खाजकुयलीची ओळख खालीच करून घ्या. शेंगांवरची सोनेरी-तपकिरी मखमल म्हणजे हजारो बारीक कुसं. लागली तर चोळायचं नाही, चोळलं की ती आत रुततात. चिकटपट्टी लावून ओढून काढायची, चार-पाच वेळा, प्रत्येक वेळी नवी पट्टी. मग पाणी.

कारवीचे ताटवे आणि गवत लागलं की माथा जवळ आला समजा. उघड्यावर आल्याने ऊन लागतं, वारा मिळतो. कड्यांच्या खाली आग्या मोहोळ असू शकतं. अत्तराचा वास, धूर किंवा आरडाओरडा यांनी माश्या उठतात. उठल्याच तर हात झटकू नका, तोंड-मान कापडाने झाका आणि आल्या वाटेने झाडीत पळा. कड्याच्या बाजूला पळून लोक पडले आहेत, सह्याद्रीत हे अनेकदा घडलं आहे.

वाटेत देवराई किंवा दगडाचं ठाणं लागलं तर वाटाड्या करतो तसं करा: चपला-बूट काढायला सांगितले तर काढा, तिथली काटकीही उचलू नका. सत्तरीतली जुनी झाडं टिकली त्यात या देवांच्या रायांचा वाटा फार मोठा आहे.

गवा दिसला तर थांबा. किमान पन्नास मीटर अंतर हवं. एकटा नर असेल तर तो बराच वेळ बघत राहतो. तुम्ही मागे-मागे सरका, पाठ फिरवून धावू नका. कळपात वासरू असेल तर मध्ये शिरू नका, वळसा घ्या, नाहीतर त्यांना जाऊ द्या. अर्धा तास गेला तरी चालेल. अस्वलाची गाठ अचानक पडू नये म्हणून दाट झाडीत नेहमीच्या आवाजात बोलत चालणं बरं.

माथ्यावर: उंची कशी वाचायची

वर पोचल्यावर सगळे मोबाइल काढतात आणि गोंधळ सुरू होतो. एकाचा ९४०, दुसऱ्याचा १,०३०. दोन्ही फोन बिघडलेले नसतात. उपग्रहावरून मिळणारी मूळ उंची समुद्रसपाटीपासून मोजलेली नसते, पृथ्वीच्या एका गुळगुळीत गणिती आकारापासून मोजलेली असते. दक्षिण भारत आणि श्रीलंकेच्या भागात गुरुत्वाकर्षण थोडं कमी असल्याने प्रत्यक्ष समुद्राची पातळी त्या आकाराच्या बरीच खाली आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला शंभर मीटरहून जास्त, गोव्याच्या किनाऱ्यावर सत्तर ते नव्वदच्या दरम्यान. काही ॲप हा फरक मिळवून दाखवतात, काही नाही.

तपासायचा सोपा उपाय: आदल्या दिवशी मिरामारला किंवा तुमच्या गावच्या किनाऱ्यावर पाण्याच्या कडेला उभे राहून तेच ॲप उघडा. शून्याच्या जवळ आकडा आला तर ठीक. उणे ऐंशी दाखवत असेल तर माथ्यावर तेवढे मिळवा. फोनमध्ये वायुदाब मोजणारा सेन्सर असेल तर तोही वापरा. हजार मीटरला दाब साधारण ११० हेक्टोपास्कलने उतरतो, पण हवा बदलली की आकडाही सरकतो, म्हणून पायथ्याशी सकाळी एकदा नोंद घेतलीच पाहिजे.

नकाशा कागदावरही हवा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. त्यात दर २० मीटरला उंचीची रेघ असते, आणि रेघा जिथे एकमेकींना चिकटलेल्या दिसतात तिथे कडा आहे हे आधीच कळतं. फोन फ्लाइट मोडवर ठेवा. नेटवर्क नसलं तरी उपग्रह लागतो, पण नेटवर्क शोधत राहिलेला फोन दुपारपर्यंत मान टाकतो. ड्रोन नेऊ नका.

माथ्यावर अर्धा तास पुरे. बूट काढून पाय वाळवा, मोजे बदला, खा, आणि उतरायला लागा.

गोचीड आणि माकडताप

हा भाग वाचल्याशिवाय सत्तरीच्या रानात जाऊ नका. माकडताप, म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, इथे गेल्या दशकापासून आढळतो आणि शेजारच्या दोडामार्ग-बांदा भागातही रुग्ण सापडले आहेत. तो गोचिडीच्या चाव्याने होतो. गोचिडींची पिल्लं पाचोळ्यात असतात, आकार खसखशीपासून मोहरीपर्यंत, आणि त्यांचे दिवस नेमके हिवाळा ते उन्हाळा, म्हणजे चढाईचेच.

पँट मोज्यांत खोचा. उघड्या त्वचेवर डासांसाठी मिळतं ते डीईईटी असलेलं मलम लावा. पाचोळ्यावर बसू-लोळू नका, बसायला प्लॅस्टिकचा तुकडा ठेवा आणि तो झटकून घडी घाला. दर थांब्याला एकमेकांच्या पाठी आणि मोजे बघा. फिक्या कपड्यावर काळा ठिपका चालताना दिसतो, गडद कपड्यावर दिसत नाही. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, जागा लक्षात ठेवून वन कार्यालयात कळवा.

रुतलेली गोचीड नखाने खुडायची नाही. रॉकेल, चुना, पेटती काडी, काहीही नको; त्याने ती आत आणखी लाळ सोडते. चिमट्याचं टोक त्वचेला टेकवून तिच्या तोंडाजवळ धरायचं आणि सरळ वर, सावकाश, न पिळता ओढायचं. बोटांनी चिरडायची नाही. चावल्याची जागा साबणाने धुवायची आणि तारीख लिहून ठेवायची.

परवानगी नाहीच मिळाली तर

दिवस फुकट घालवू नका. चोर्ला घाटाचा रस्ता चढून सुर्ला गावाकडे जा. गाव गोव्यातलंच, पण घाटमाथ्यावर वसलेलं, आणि इथून सत्तरीच्या डोंगररांगा समोर पसरलेल्या दिसतात. घाटात सकाळी धुकं असतं. गाडी वळणावर उभी करू नका, रुंद कडेलाच थांबवा. दक्षिणेला असाल तर पारोड्याचा चंद्रनाथ आहे, उंची साडेतीनशे मीटरच्या आसपास, माथ्यावर चंद्रेश्वर-भूतनाथाचं देऊळ. तिथे घरातली वडीलधारी माणसंही नेता येतात.

खाली आल्यावर

प्रथम वन कार्यालयात किंवा नाक्यावर बाहेर पडल्याची नोंद करा, नाहीतर रात्री तुमचा शोध सुरू होईल. वाटाड्याचे पैसे तिथेच चुकते करा. अपघात झाला तर १०८; जवळचा दवाखाना वाळपईचं सरकारी आरोग्य केंद्र, मोठ्या उपचारांसाठी बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय. साप चावला असेल तर चिरा देणं, बांधणं, चोखणं यांत वेळ घालवू नका, पाय न हलवता माणूस खाली आणा.

मुक्कामाला पोचताच कपडे दाराबाहेर उतरवून उकळत्या पाण्यात टाका. अंघोळीच्या वेळी कानामागे, काखेत, बेंबीत, जांघेत, गुडघ्याच्या मागे बोट फिरवून बघा. पुढचे दोन आठवडे ताप, तीव्र डोकेदुखी किंवा अंगदुखी आली तर घरी पॅरासिटामॉल घेऊन वाट बघत बसू नका. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा: सत्तरीच्या रानात गेलो होतो, अमुक तारखेला.